तुझ्या शब्दावर गाडी टाकली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही विश्रामबागला राहता, गाडी पांढरी आहे. दोन वर्षांपूर्वी सांगलीतल्याच एका डिटेलरकडून, म्हणजे गाडीचा रंग घासून चमकवणाऱ्याकडून, सिरॅमिक कोटिंग (रंगावर बसणारा पारदर्शक संरक्षक थर) करून घेतलंत आणि काम मनासारखं झालं. म्हणून तासगावकडच्या द्राक्षबागायतदार मित्राला त्याच माणसाकडे पाठवलंत. त्याची गाडी काळी, चार वर्षं वापरलेली. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात काम झालं, १८ हजार दिले, अंधार पडल्यावर गाडी ताब्यात घेतली तेव्हा आरशासारखी चमकत होती. तीन आठवड्यांत भर उन्हात बॉनेटवर बारीक चऱ्यांची जाळी दिसायला लागली, टपावर पांढरे ठिपके उठले आणि मागच्या डाव्या दाराच्या धारेवर बोटभर पट्टा राखाडी पडला. मित्र भांडला नाही. "तुझ्या शब्दावर गाडी टाकली होती," एवढंच म्हणाला, आणि तेव्हापासून त्याचे फोन कमी झाले. चूक कुणाची, डिटेलरकडे जायचं का, आणि भरपाई तुम्ही द्यायची का, असं तुम्ही विचारलंय.

मी १९ वर्षं गाड्यांच्या रंगात आहे. आधी बॉडी शॉपच्या पेंट बूथमध्ये होतो, नंतर स्वतःचं डिटेलिंग सुरू केलं. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही खुणा वेगवेगळ्या आहेत आणि तिन्हींचा धनी एक नाही. त्या वेगळ्या करून पाहिल्याशिवाय कुणाला दोष दिलात तर एक तरी माणूस विनाकारण दुखावला जाईल.

जाळीपासून सुरू करतो, कारण तुमच्या आणि मित्राच्या अनुभवातली तफावत तिथेच आहे. कंपनीतून आलेल्या गाडीच्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १४० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस धरा ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे खालचा गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि वरचं क्लिअर म्हणजे पारदर्शक थर, सगळं मिळून दोन केसांएवढं. त्यातलं क्लिअर ३५ ते ५० मायक्रॉन. आम्ही पॉलिशिंग करतो म्हणजे या क्लिअरचा वरचा एखाद-दोन मायक्रॉनचा पापुद्रा घासून सपाट करतो. ओरखडा भरून येत नसतो, त्याच्या आजूबाजूचं क्लिअर खाली आणलं जातं. हे घासणं जाड कंपाउंड, लोकरीचा पॅड आणि एकाच दिशेने गरगर फिरणारं मशिन घेऊन केलं आणि तिथेच थांबलं, तर मोठे ओरखडे जातात पण त्यांच्या जागी मशिनच्या फिरण्याच्या बारीक वाटा उमटतात. उन्हात गाडीभोवती चाललं की त्या वाटा आपल्याबरोबर सरकतात. आमच्या धंद्यात त्यांना होलोग्राम म्हणतात. त्या काढायला दुसरा हात मारावा लागतो: मऊ फोमचा पॅड, बारीक पॉलिश, आणि डबल अ‍ॅक्शन मशिन, म्हणजे फिरता फिरता पॅड हलवणारं. या दुसऱ्या हातालाच सगळा वेळ लागतो. मधल्या आकाराची काळी गाडी माझ्याकडे आली तर तिला मी तीन दिवस ठेवतो, आणि त्यातला निम्मा वेळ या हातात जातो.

मग त्या संध्याकाळी गाडी आरशासारखी कशी दिसली? कंपाउंडमध्ये तेलं असतात. ती बारीक चऱ्यांमध्ये भरून बसतात आणि चरे तात्पुरते लपतात. प्रामाणिक कारागीर पॉलिश झाल्यावर आयसोप्रोपाइल अल्कोहोलने एकेक पत्रा पुसतो, तेल काढून टाकतो आणि खाली खरोखर काय उरलंय ते बघतो. सिरॅमिक कोटिंगही तेलविरहित क्लिअरवरच नीट धरतं. ही पायरी गाळली तर दोन-चार धुण्यांत तेल जातं, जाळी वर येते आणि कोटिंगही लवकर सुटतं. त्यात गाडी ट्यूबलाइटखाली ताब्यात घेतलेली. ट्यूबचा प्रकाश पसरट असतो, त्यात होलोग्राम दिसतच नाहीत. ते दिसायला ऊन लागतं किंवा एका जागी रोखलेली एलईडीची बॅटरी.

आता तुमच्या पांढऱ्या गाडीकडे या. हेच काम, अगदी याच हाताने, तुमच्या गाडीवर झालं असतं तरी तुम्हाला ते कळलं नसतं. पांढऱ्या रंगावरून प्रकाश इतका परततो की बारीक चरे त्यात बुडून जातात. काळ्यावर एक चरा उठला तरी तो दिव्यासारखा पेटतो. तुमचं समाधान खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण तुम्ही मित्राला जी खात्री दिलीत ती पांढऱ्या रंगावर मिळालेली होती आणि तो ती काळ्या रंगावर लावून बसला. मला एखादा नवा डिटेलर पारखायचा असेल तर त्याने केलेली पांढरी किंवा चंदेरी गाडी मी बघतच नाही. काळी दाखव म्हणतो, तीही दुपारी बारा वाजता.

शिवाय दोन वर्षं. आमच्या धंद्यात दोन वर्षांत दुकानाची पाटी तीच राहते, हात बदलतात. चांगलं मशिन धरणारा पोरगा शिकला की कराडला नाहीतर कोल्हापूरला स्वतःचं दुकान टाकतो, आणि टाकावंच त्याने. मालक तुमच्या वेळी स्वतः मशिन धरत असेल, आज त्याचं नाव झाल्यामुळे तो फोनवर असेल आणि चार महिने शिकलेला पोरगा बॉनेटवर असेल. त्यात दसऱ्याच्या आदला आठवडा! खंडेनवमीला गाडी पुजायची म्हणून सगळ्यांना तेव्हाच चकाचक गाडी हवी असते. माझ्याकडेसुद्धा त्या आठवड्यात रोज १०-१२ फोन येतात आणि मला नाही म्हणावं लागतं. ज्याला नाही म्हणता येत नाही तो तीन दिवसांचं काम एका दिवसात उरकतो. तुमच्या मित्राची गाडी सकाळी गेली आणि संध्याकाळी आली, यातच मला बरंच काही दिसतं.

ठिपक्यांबाबत मात्र मी डिटेलरच्या बाजूने बोलेन, निदान अर्धा. तासगावपासून पूर्वेला कवठेमहांकाळ, जतकडे जाल तसं बोअरचं पाणी जड होत जातं. त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. उन्हात तापलेल्या टपावर ते पाणी वाळलं की पाणी उडून जातं, क्षार खाली बसतात. कोटिंगने हे थांबत नाही, उलट थोडं वाढतं. कोटिंगवर पाणी पसरत नाही, थेंब गोळा होऊन उभे राहतात, म्हणून सगळा क्षार एका गोल ठिपक्यात साठतो. लोकांना वाटतं कोटिंग केलं, आता पुसलं नाही तरी चालेल. खरं तर कोटिंग केलेली गाडीच जास्त काळजीने, सावलीत धुऊन लगेच कोरडी करायची असते.

आणि तो बागायतदार आहे. ऑक्टोबर छाटणीनंतरचा हा काळ म्हणजे डाऊनी या बुरशीरोगाच्या भीतीने फवारणीवर फवारणी. बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद आणि चुना, एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्यात दोन्ही एकेक किलो. ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असताना गाडी बांधालगत उभी असली की वाऱ्याबरोबर ते तुषार टपावर येतात आणि वाळले की निळसर पांढरे डाग राहतात. ठिपक्यांना निळसर झाक आहे का ते नीट बघा. पुढे साखर कारखान्यांचे बॉयलर जोरात सुरू झाले की चिमणीची राखही पडेल, आणि ती फडक्याने कोरडी पुसली की घासपेपर फिरवल्यासारखे चरे पडतील. आपल्या जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्याला या गोष्टी सांगणं डिटेलरचं काम होतं. बहुधा त्याने '९एच कोटिंग आहे, काही होत नाही' असं सांगितलं असणार. ते ९एच म्हणजे पेन्सिलीची कसोटी. ९एच शिशाच्या पेन्सिलीने ओरखडा उठला नाही, इतकाच त्याचा अर्थ. वाळूचा कण त्या पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण असतो. गिऱ्हाइकाला हे न सांगता ९एचचं स्टिकर दाखवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

ठिपके नवे असतील तर घरीच निघतील. गाडी सावलीत गार होऊ द्या, पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घ्या, मायक्रोफायबर भिजवून मिनिटभर ठिपक्यांवर ठेवा आणि भरपूर पाण्याने धुऊन काढा. घासू नका. तरीही खळगा राहिला तर क्षाराने क्लिअर खाल्लंय. मग तो भाग पॉलिश करून पुन्हा कोटिंग करावं लागेल.

राहिलं ते दार. सगळ्यात गंभीर गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती शेवटी, एका ओळीत लिहिलीत. धारेवर राखाडी पट्टा म्हणजे क्लिअर गेलं, रंग गेला आणि खालचा प्रायमर दिसतोय. पत्र्याच्या घडीवर, धारेवर रंगाचा थर मुळातच पातळ बसतो, आणि मशिनचा सगळा दाब तिथे एका रेषेवर येतो. म्हणून आम्ही मशिन लावण्याआधी धारांवर मास्किंग टेप मारतो. टेपचं एक बंडल वाचवून दार जाळलं जातं, हे मी फार वेळा बघितलंय. हे पॉलिशने निघत नाही. ते दार रंगवावं लागेल, आणि काळा मेटॅलिक असेल तर शेजारच्या पत्र्यापर्यंत रंग मिसळत न्यावा लागेल, नाहीतर दार वेगळं दिसेल. नवा रंग पूर्ण वाळायला महिना-दोन महिने द्यायचे आणि मगच त्यावर कोटिंग. लगेच मारून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा.

इथे मला माझी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं.

२०१६ साली साताऱ्यातल्या माझ्या बालमित्राला वडिलांची चंदेरी गाडी चकाचक करून हवी होती. वडिलांची पंच्याहत्तरी होती. सांगलीला आणायची म्हणजे सव्वाशे किलोमीटर, म्हणून मी त्याला साताऱ्यातल्याच एकाचं नाव दिलं. तो माणूस पुण्याला माझ्याबरोबर काम शिकला होता, हात उत्तम होता. मी दोघांना एकेक फोन केला. मित्राला म्हटलं, "माझा माणूस आहे, बिनधास्त जा." त्याला म्हटलं, "माझा खास मित्र आहे, नीट कर." झालं माझं काम, असं मला वाटलं.

तिसऱ्या दिवशी मित्राचा फोन आला. "गाडी आणली रे," एवढंच बोलला आणि गप्प झाला. उजवीकडची दोन्ही दारं निस्तेज पडली होती, एका ठिकाणी क्लिअर पूर्ण उडालं होतं. त्या दारांची हकीकत अशी की काही वर्षांपूर्वी खंबाटकी घाटात गाडीला मागून-बाजूने धडक बसली होती, आणि गावातल्या डेंटरने लांबी, म्हणजे खळगे बुजवायची पुट्टी, भरून दोन्ही दारं रंगवली होती. वर मारलेलं क्लिअर पातळ होतं आणि भट्टीत तापवलेलं नसल्याने मऊ होतं. कंपनीच्या पत्र्यावर जो दाब चालतो तो त्या दारांना झेपला नाही.

ती लांबी घासली जात होती तेव्हा मी त्या गॅरेजात मित्राशेजारी उभा होतो. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. दोघेही माझे, मग सांगायचं काय राहिलं, असं धरून चाललो. त्या डिटेलरचीही चूक होतीच. रंगाची जाडी मोजायचं मीटर त्याच्याकडे होतं. ते लावलं असतं तर बाकीच्या पत्र्यांवर ११०-१२० आणि त्या दारांवर ५००च्या वर आकडा दिसला असता. लांबी भरलेला पत्रा त्या मीटरपासून लपत नाही. माझा माणूस म्हटल्यावर त्याने मोजलं नाही, आणि माझा माणूस म्हटल्यावर मित्राने विचारलं नाही. माझ्या ओळखीने दोघांचीही सावधगिरी काढून घेतली होती.

आपल्याकडे स्थळ सुचवणारा दोन्ही घरी बसून सगळं बोलतो. मुलाला चष्मा आहे, मुलीला नोकरी सोडायची नाही, घर भाड्याचं आहे, हे त्याने आधी सांगितलेलं असतं. न सांगता जुळवलं तर पुढचं बोलणं त्याला ऐकावं लागतं आणि ते रास्त असतं. मी त्या दिवसापासून नाव देताना तसं वागतो. गिऱ्हाइकाला सांगतो, याने माझ्यासमोर अमुक रंगाच्या अमुक गाडीवर अमुक काम केलं, एवढंच मी बघितलंय. स्वतः मशिन धरणार का ते विचार, गाडी उन्हात ताब्यात घे. डिटेलरला सांगतो, गाडी किती जुनी, कुठे उभी असते, कोणता पत्रा रंगवलाय, माणूस बारकाईने बघणारा आहे का. यातलं जे मला माहीत नसेल ते आधी मित्राला विचारतो. दोन मिनिटांच्या फोनची आता वीस मिनिटं होतात.

साताऱ्याच्या दारांचा खर्च आम्ही वाटून घेतला. निम्मा त्या डिटेलरने दिला, निम्मा मी. मित्र नको म्हणत होता. मी त्याला म्हटलं, "तुझं नुकसान झालं म्हणून देत नाही, मला माहीत असून बोललो नाही म्हणून देतोय." त्यावर तो काही बोलला नाही, पण पैसे घेतले, आणि आमचं बोलणं पुन्हा पहिल्यासारखं सुरू झालं.

तुमच्या बाबतीत माझं मत असं. ठिपके मित्राने स्वतः काढावेत, त्यात कुणाचं देणं नाही. जाळी डिटेलरने एक पैसा न घेता पुन्हा काढून द्यावी, पण आधी मीटर लावून क्लिअरचा अंदाज घेतल्याशिवाय कुणालाही त्या बॉनेटला मशिन लावू देऊ नका. साधं मीटर एकूण जाडी सांगतं, क्लिअर वेगळं दाखवत नाही, म्हणून न घासलेल्या जागेचा, दाराच्या आतल्या चौकटीचा आकडाही घेऊन ठेवा. एकदा जाड कंपाउंड फिरलंय, दुसऱ्यांदा किती घासता येईल ते त्यावरून ठरेल. आणि या वेळी मालकाने स्वतः मशिन धरावं. ते दार आधी कधी रंगवलेलं नसेल, तर रंगवण्याचा खर्चही त्याचा.

त्याच्याकडे तुम्ही दोघांनी मिळून जा, सकाळी ११च्या सुमारास, गाडी घेऊन, बिल घेऊन. "माझी इज्जत घालवलीस" असं काही बोलू नका. गाडी उन्हात उभी करा आणि त्याला म्हणा, अल्कोहोलने बॉनेटचा एक कोपरा आमच्यासमोर पूस. जाणकार असेल तर पुढचं त्याला सांगावं लागणार नाही. माझ्या अनुभवात दहातले बरेचसे मालक उन्हात गाडी बघितली की नमतात, कारण त्यांनाही ती पहिल्यांदाच उन्हात दिसते. ऐकलंच नाही तर फोटो आणि बिल जोडून लेखी तक्रार द्या. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतली त्रुटी येते, १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि जिल्हा आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते. तिथवर जावं लागू नये.

पैसे तुम्ही द्यायचे का, याचं उत्तर मी आत्ता देणार नाही, कारण एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही. येत्या रविवारी फोन न करता मित्राच्या बागेत जा. गाडी कुठे उभी असते आणि वारा कुठून येतो ते बघा, बोअरच्या पाइपाच्या तोंडाशी पांढरा थर साचलाय का तेही बघा. मग त्याला विचारा, ते मागचं डावं दार आधी कधी रंगवलं होतं का. नसेल रंगवलं, तर खर्च डिटेलरचा आहे आणि तो मिळेपर्यंत मित्राबरोबर उभं राहणं तुमचं काम. रंगवलं असेल आणि ते तुम्हाला माहीत होतं, तर खिशात हात घाला. आणि रंगवलेलं असून तुम्ही कधी विचारलंच नव्हतं, तर तसंच त्याला सांगा: "मी विचारायला हवं होतं."